पाळकसाहेब, धाकटीला आत बसू द्या आणि आईबापांची नावं वाचू नका

माननीय पाळकसाहेब आणि पंच कमिटीतील सर्व वडीलधाऱ्यांना,

प्रभूच्या नावात सलाम.

गेल्या महिन्यात चर्चच्या फलकावर एक कागद लागला. त्यावर दोन सूचना होत्या. सहा वर्षांखालच्या मुलांना घेऊन पालकांनी उपासनेच्या वेळी बाजूच्या खोलीत बसावं, तिथे स्पीकरची सोय केली आहे, ही पहिली. दुसरी अशी की, बारा वर्षांवरच्या प्रत्येक मुलाने दृढीकरणाच्या, म्हणजे स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करण्याच्या विधीच्या, वर्गाला आलंच पाहिजे. सलग तीन रविवार गैरहजर राहिल्यास पालकांची नावं उपासनेनंतर वाचून दाखवली जातील.

माझी धाकटी चार वर्षांची आहे आणि थोरला चौदा. म्हणजे एका कागदाने माझी एक लेक बाहेर गेली आणि एका मुलाला आत ओढायचं ठरलं. तेव्हापासून मी रात्रपाळीला वॉर्डात बसून हे पत्र मनात लिहिते आहे. तुम्हाला भेटून बोलता आलं असतं, पण माझ्या नगरच्या नणंदेशी आणि सोलापूरच्या मैत्रिणीशी बोलले तेव्हा कळलं की त्यांच्याही मंडळीत थोड्याफार फरकाने हेच चाललं आहे. म्हणून सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते.

आधी तो रविवार सांगते, कारण मला वाटतं पहिली सूचना आमच्यामुळेच निघाली. पापांगीकाराच्या प्रार्थनेनंतर आपण सगळे गप्प बसतो ना, त्या शांततेत धाकटी बाकावर उभी राहिली, मागे वळून तिने सगळीकडे पाहिलं आणि मोठ्याने विचारलं, "आई, सगळे झोपले का?" दोन रांगा हसल्या. एक पंचकाका उठून आले, त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि दाराकडे बोट केलं. ते रागावले नव्हते, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. मी तिला उचलून बाजूच्या खोलीत गेले. तिथे प्लॅस्टिकच्या खुर्च्या एकावर एक रचलेल्या होत्या, नाताळच्या चांदणीचा खोका होता, पाठ फाटलेल्या 'उपासना संगीत' या गीतांच्या पुस्तकांचा गठ्ठा होता. स्पीकरमधून तुमचा आवाज मध्येच यायचा, मध्येच जायचा. धाकटी खिडकीच्या गजांना धरून उभी राहिली. तेवढ्यात प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी, सुरू झालं. लोक रांगेने पुढे जाताना तिला दिसत होते. ती म्हणाली, "ते सगळे तिकडे आहेत. आपण इकडे का?"

मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

पाळकसाहेब, तुमचा आवाज खोलीत पोहोचवता येतो. पण चार वर्षांचं मूल तुमचा संदेश ऐकायला चर्चला येतच नाही. ते माणसं बघायला येतं.

मी नेवासे तालुक्यातल्या एका लहान गावात वाढले. दगडी चर्च, वर पत्रे, खाली सतरंज्या. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला, मध्ये पेटी, तबला आणि झांजा. मी आजीच्या मांडीवर असायचे. आजीच्या पदराला गाठ मारलेली असायची आणि त्या गाठीत दानाचं नाणं. दानाची पिशवी जवळ यायला लागली की ती गाठ सोडायचं काम माझं. ती गाठ इतकी घट्ट असायची की मला दातांनी ओढावी लागायची. उपदेशातलं एक अक्षर मला आठवत नाही. पण देण्यासाठी वस्तू आदल्या रात्रीच बांधून ठेवायची असते, हे मला त्या गाठीने शिकवलं.

प्रभूची प्रार्थना मला अर्थ कळायच्या कितीतरी आधी पाठ झाली. 'आमची रोजची भाकर आज आम्हाला दे' ही ओळ आली की मला वाटायचं हे आमच्याच चुलीबद्दल चाललंय, बाजरीच्या भाकरीबद्दल. आजी त्या ओळीला डोळे जास्त घट्ट मिटायची. बाकीची प्रार्थना ती सरळ म्हणायची, त्या ओळीला मात्र तिचा आवाज खाली जायचा. सात-आठ वर्षांची असताना मी तिला कारण विचारलं. ती म्हणाली, "बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जायचो. तेव्हा ही ओळ म्हणताना पोटात काही नसायचं. आता भाकर असते, पण ओळ आली की ते पोट आठवतं."

ते मला बाजूच्या खोलीत कळलं नसतं. रविवारी मुलांसाठी भरणाऱ्या शब्बाथ शाळेतही कळलं नसतं. आजीच्या मांडीवर बसून, तिचा आवाज खाली जाताना माझ्या पाठीला जाणवलं म्हणून मी विचारलं.

शब्बाथ शाळेबद्दल माझ्या मनात आदरच आहे, मी स्वतः सहा वर्षं शिकवलं आहे. पण ती कशासाठी निघाली हे आपण विसरतो. इंग्लंडमध्ये ग्लॉस्टर गावात १७८० साली रॉबर्ट रेक्स यांनी ती चालवायला घेतली, तेव्हा सहा दिवस कामाला जुंपलेल्या गरीब मुलांना रविवारी लिहायला-वाचायला शिकवणं हा हेतू होता. ज्यांच्यासाठी कुठेच जागा नव्हती त्यांना जागा देणारी ती शाळा होती. मोठ्यांची उपासना शांत व्हावी म्हणून मुलं ठेवण्याची ती जागा नव्हे.

आवाजाचा त्रास होतो हे मला मान्य आहे. माझं काम दवाखान्यात आहे. ऐकण्याचं यंत्र लावलेल्या माणसाला मुलाची किंचाळी कशी टोचते हे मी रोज बघते. यंत्र सगळेच आवाज मोठे करतं. मागच्या बाकावरच्या एका आजींना मी जाऊन विचारलं. त्या म्हणाल्या, "बाई, त्रास होतो, खोटं कशाला बोलू? पण पोरं नसली ना, की मला वाटतं आपण सगळे एकमेकांच्या मयतीला जमलोय." त्यांना पुढे स्पीकरजवळ आणि मुलांना दुसऱ्या बाजूला बसवता येईल. हा बाकांच्या मांडणीचा प्रश्न आहे.

आणि एक आठवण करून द्यायची आहे. धाकटीच्या बाप्तिस्म्याच्या दिवशी पाळकसाहेबांनी मंडळीला उभं केलं होतं. या बाळाला प्रभूच्या वाटेवर वाढवायला तुम्ही आईबापांना मदत कराल ना, असं विचारलं होतं. सगळ्यांनी 'होय' म्हटलं. ज्या काकांनी दाराकडे बोट केलं त्यांचा आवाज त्यात सगळ्यांत मोठा होता. मला तो आवडला होता.

आता जे आईबाप मुलांना आणतच नाहीत त्यांच्याविषयी. आपल्या मंडळीत अशी निदान दहा-बारा घरं आहेत. पंच कमिटीत त्यांच्याबद्दल 'जगाच्या मागे लागले' असं बोललं जातं. मला ते बोलणं बरोबर वाटत नाही. माझ्याबरोबर ड्युटी करणारी एक जण आपल्याच लोकांतली आहे. ती म्हणते, "मी माझ्या मुलीवर काही लादणार नाही. मोठी झाली की तिचं ती ठरवेल." हे ती आळसाने म्हणत नाही. लहानपणी तिला वडील मारून चर्चला न्यायचे. पट्ट्याचा वळ अंगावर घेऊन ती 'प्रभू माझा मेंढपाळ' म्हणायची. तिच्या जागी मी असते तर मीही कदाचित असंच ठरवलं असतं.

तरी मी तिला एक गोष्ट विचारली. रविवार सकाळी तुझी मुलगी काय करते? सातवीतली मुलगी. आठ वाजता फाउंडेशनची बॅच, अकरा वाजता टेस्ट. ती बॅच लावताना मुलीला विचारलं होतं का? नाही. मग रविवार मोकळा राहिलाच नाही. चर्चने सोडलेली जागा क्लासने घेतली, आणि तेही आईबापांनीच ठरवलं. मुलांसाठी आपण रोज काहीतरी ठरवतच असतो. काय खायचं, कुणाच्या घरी जायचं, कुणाच्या पाया पडायचं, कुणाच्या मयतीला जायचं. त्यातून देवाचं घर तेवढं वगळलं, तर मूल त्यातून स्वातंत्र्य शिकत नाही. हे आपल्या घरात महत्त्वाचं नाही, एवढंच शिकतं. म्हणून माझं मत ठाम आहे: लहान मुलांना आईबापांनी चर्चला न्यावं. हाताला धरून, कडेवर घेऊन, झोपलेलं असेल तर खांद्यावर टाकून. पट्टा घेऊन नाही.

न्यावं की नाही हे ठरवण्याचा हक्क मात्र आईबापांचा. पंडिता रमाबाईंचं आपण नाव घेतो, त्यांचे फोटो लावतो. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या तेव्हा त्यांची लेक मनोरमा दोन वर्षांची होती. त्याच वर्षी वाँटेजच्या भगिनींच्या मठात राहत असताना मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर मनोरमेला काय शिकवावं, कसं वाढवावं, यावरून रमाबाई आणि त्याच मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांच्यात खडाजंगी झाली. ती पत्रं आज छापील उपलब्ध आहेत. परक्या देशात, दुसऱ्यांच्या आश्रयाला राहणारी एकटी विधवा बाई होती ती. तरी मुलीच्या धर्मशिक्षणाचा शब्द शेवटी आईचा, यावरून त्या हटल्या नाहीत.

पुढे त्यांनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन ही विधवा आणि मुलींची शाळा काढली, ती मग पुण्यात आणली. धर्माच्या बाबतीत कुणावर सक्ती नाही हा सदनाचा नियम. रमाबाई सकाळी आपल्या खोलीत मनोरमेबरोबर प्रार्थना करायच्या आणि दार उघडं असायचं. हिंदू घरांतल्या काही मुली येऊन बसू लागल्या. पुण्यात गदारोळ झाला. १८९३ साली रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले आणि पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. त्या पालकांचंही मला समजतं; मुली त्यांच्या होत्या, विश्वासाने सोपवलेल्या होत्या. पण रमाबाईंची भूमिका मला आजही आपल्या फलकावरच्या कागदाशेजारी लावावीशी वाटते. त्या कुणाला हाताला धरून आत आणत नव्हत्या. आणि कुणी येईल म्हणून दारही लावून घेत नव्हत्या.

आपण नेमकं उलटं केलं आहे. ज्या वयाला पाय आपोआप आत येतात त्या वयाला दार लावलं. ज्या वयाला मन स्वतःचा रस्ता शोधतं त्या वयाला हजेरीपट मांडला.

आता थोरल्याचं सांगते. बाराव्या वर्षापर्यंत तो एकही रविवार चुकला नाही. नाताळच्या गाण्यांना तबला तोच वाजवायचा. मग दृढीकरणाच्या वर्गात एकदा अब्राहाम आणि इसहाकाचा पाठ होता; देवाने सांगितलं म्हणून बाप मुलाचा बळी द्यायला निघतो, तो. त्याने विचारलं, "बापाने सुरी उचलली तेव्हा मुलाला कुणी विचारलं का?" त्याला खाली बसायला सांगितलं आणि पुढचा पाठ सुरू झाला. घरी येऊन तो जेवला नाही. मला म्हणाला, "आई, मी चेष्टा करत नव्हतो."

मी बायबल उघडून त्याच्याजवळ बसले. आम्ही तो अध्याय तीनदा वाचला. मलाही उत्तर आलं नाही. मी त्याला तसं सांगितलं. त्या रात्री आम्ही दोघं देवाच्या जितके जवळ होतो तितके वर्गात कधी गेलो असू असं मला वाटत नाही. पण त्यानंतर तो रविवारी घरी राहायला लागला. आम्ही परत येईपर्यंत तो चहा टाकून ठेवतो. सासूबाई रडतात, माझ्यावर चिडतात, "तू ढिली पडलीस" म्हणतात. मी दर शनिवारी रात्री त्याला एकदा विचारते, "उद्या येतोस का?" तो नाही म्हणाला की बरं म्हणते. दुसऱ्यांदा विचारत नाही.

उद्या तुम्ही माझं नाव वाचलंत तर तो येईल. हे मी खात्रीने सांगते, कारण आईची मान खाली गेलेली त्याला बघवणार नाही. तो येईल, बसेल, उत्तरं पाठ करेल आणि पुढच्या वर्षी सगळ्यांबरोबर पुढे उभा राहून 'मी विश्वास धरतो' म्हणेल. त्या वाक्यात 'मी' आहे, पाळकसाहेब. बाप्तिस्म्याच्या वेळी त्याच्या वतीने आम्ही बोललो. दृढीकरणाला त्याने स्वतः बोलायचं असतं, म्हणून तर तो विधी आहे. तिथेही तो माझ्यासाठीच बोलला तर त्याचं स्वतःचं बोलायचं कधी?

टिळकांच्या घरातलं उदाहरण आपल्या सगळ्यांना माहीत आहे. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी घेतला १९०० साली. मधली पाच वर्षं त्या घराने काय सोसलं ते त्यांनीच लिहून ठेवलं आहे. नवरा-बायकोत, त्या काळात, नवऱ्याचा शब्द म्हणजे कायदा असताना, ती वाट बघितली गेली. आणि आपल्याला चौदा वर्षांच्या मुलासाठी तीन रविवारांपलीकडे थांबता येत नाही?

चर्च ऑफ नॉर्थ इंडिया २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात स्थापन झाली, तेव्हा तिच्यात सहा वेगवेगळ्या परंपरा एकत्र आल्या. काही बाळांना बाप्तिस्मा देणाऱ्या, काही कळत्या वयात स्वतः मागितल्यावरच देणाऱ्या. दोन्ही रीती ठेवल्या गेल्या. ज्यांना हवं त्यांनी तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा करावा, ज्यांना हवं त्यांनी बाळाला देवाला समर्पित करून पुढचं त्याच्यावर सोडावं. आपण कोणत्याही रीतीचे असलो तरी एक ठिकाण दोन्हींत आहे. तिथे मूल एकटं उभं राहतं आणि आईबाप मागे राहतात.

प्रभू येशू स्वतः बारा वर्षांचा असताना यरुशलेमेत मागे राहिला, ही गोष्ट आपण दर वर्षी शिकवतो. त्याचे आईबाप दर वर्षी सणाला त्याला नेत होते, हे आपण ठासून सांगतो, आणि ते बरोबरच आहे. पण मंदिरात तो गुरुजनांमध्ये बसून प्रश्न विचारत होता आणि ते ऐकत होते, हे आपण घाईने उरकतो. तिथल्या कुणीही त्याला खाली बस म्हटलं नाही. मरियेने विचारलं, असं का वागलास? त्याने दिलेलं उत्तर आईबापांना समजलं नाही, असं तिथेच लिहिलं आहे. तिने ते मनात ठेवलं. आईने एवढंच करायचं असतं असं नाही, पण कधी कधी एवढंच करता येतं.

मुलांना आणा म्हणताना आणखी एक जबाबदारी येते आणि ती मी टाळून पुढे जाणार नाही. मुलं आपल्याकडे सुरक्षित असली पाहिजेत. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने मुलावरच्या अत्याचाराची माहिती असूनही पोलिसांना न कळवणं हा गुन्हा ठरवला आहे. चर्च त्यातून सुटलेलं नाही. वर्गात कायम दोन मोठी माणसं, दाराला काच, कुणाही एकट्या मोठ्याने एकट्या मुलाला कुठे न्यायचं नाही, एवढं आपण कागदावर आणलं पाहिजे. फलकावर सूचना लावायचीच असेल तर आधी ही लावा.

आता माझं मागणं. पहिली सूचना काढून टाका. बाजूची खोली राहू द्या, तान्ह्यांना पाजायला, झोपवायला ती उपयोगी आहे. पण कुणी तिथे बसायचं ते आई ठरवेल, आणि दार उघडं राहील. पुढच्या डाव्या दोन रांगा मुलांच्या घरांसाठी ठेवा. मुलाला समोरचं दिसलं तर ते निम्म्याने कमी बोलतं. दानाची पिशवी फिरवायला, घंटा वाजवायला, वचन वाचायला मुलांना उभं करा. दृढीकरणाच्या वर्गात महिन्यातला एक रविवार फक्त प्रश्नांना द्या आणि 'मला माहीत नाही' म्हणायची तयारी ठेवा. या कामाला मी आहे. माझ्या महिन्यातल्या दोन रविवारी सुट्ट्या असतात, त्या दोन्ही देते.

आणि नावं वाचू नका. माझं वाचलंत तरी चालेल, मी उभी राहीन. पण वडील दारू पितात म्हणून रविवारी लहान भावंडांना सांभाळत घरी थांबणारा एक मुलगा आपल्या मंडळीत आहे. त्याच्या आईचं नाव वाचलं जाईल तेव्हा काय होईल याचा विचार कमिटीत झाला होता का?

येत्या रविवारी हंगामाचा सण आहे. गावाकडे या दिवशी बाजरीची कणसं, भोपळे, कोंबड्या, अंडी सगळं वेदीपुढे यायचं आणि मग लिलाव व्हायचा. आजोबांनी एकदा आपणच आणलेला भोपळा दुप्पट बोली लावून परत घेतला होता. आमच्याकडे शेत नाही. धाकटीने गॅलरीत कुंडीत मेथी लावली आहे, बोटभर वाढली आहे. ती तिला स्वतःच्या हाताने वेदीपुढे ठेवायची आहे, असं तिने आठवडाभर सगळ्या इमारतीला सांगून ठेवलं आहे.

आम्ही डावीकडच्या तिसऱ्या बाकावर बसू. थोरल्याला विचारलं आहे, लिलावाच्या वेळी तबल्यावर बसशील का. तो अजून काही बोललेला नाही.

आपल्या मंडळीतली,
दोन मुलांची आई